चढावर पाय काढला तेव्हा
डिकी उघडली की जुन्या ऑइलचा वास येतो, तो बाबांच्या लाकडी गुटक्याचा. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा ते साहेबांची सरकारी जीप चालवायचे, आणि चढावर थांबले की चाकामागे हा गुटका लावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. ते रिटायर झाल्यावर मी माझ्या पगारातून बटनाच्या हँडब्रेकची गाडी घेतली, तर पहिल्याच दिवशी गुटका पायाशी ठेवून बसले. पंडरीच्या बाजारातून परतताना पुलाच्या चढावर जाम लागला. त्यांचा हात सवयीनं दोन सीटांच्या मधे हँडब्रेकचा दांडा शोधायला गेला आणि हाती पाण्याची बाटली आली. "ब्रेक कुठी आहे वं?" मी बटन ओढून दाखवलं, लाल दिवा लागला, पण ब्रेकवरून पाय काढायची हिंमत मलाही होत नव्हती. ते गुटका घेऊन उतरले, पण चाकाला न लावता गाडीमागे नुसते उभे राहिले. "काढ पाय," ते मागून ओरडले, "मी पाहून राहिलो." मागे बाबा उभे असताना तो पाय किती जड झाला, सांगता येत नाही. काढला. गाडी जागची हलली नाही. मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता, त्याला ते म्हणाले, "रुको भैया, बेटी की गाडी है. इसको गुटका नहीं लगता." मग त्यांनी गुटका डिकीत टाकला आणि पुन्हा कधी मागितला नाही. आता बटनाची सवय झाली आहे, तरी चढावर मी आधी आरशात मागे बघते आणि मगच पाय काढते.