सुमीची घंटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. भाषणं मात्र भरपूर ठोकली — ‘विशेष मुलांची शाळा कशी उभी राहिली’ म्हटलं की माझ्या हातून माईक सुटत नाही. पण त्यातला एक दिवस मी दरवेळी गाळते.

तेरजवळच्या आमच्या गावात, पत्र्याच्या दोन खोल्यांत शाळा सुरू झाली. पोरं चार. त्यातली पहिली सुमी. साध्या शाळेनं तिला परत पाठवलं, म्हणून तर मी हा खटाटोप मांडला. काय दिवस होते ते! पत्रा तापला की आम्ही लिंबाखाली बसायचो. ज्वारीचे दाणे मोजायला दिले की सुमी निम्मे खाऊन टाकायची आणि माझ्याकडं बघून हसायची. तेवढं हसू मला नंतर कुठल्याच सत्कारात मिळालं नाही.

दाराला बैलाच्या गळ्यातली जुनी पितळी घंटा टांगली होती. सुमीला बोलता येत नव्हतं, पण रोज सकाळी घंटा तीच वाजवायची. दुसऱ्या कुणी हात लावला की किंचाळायची, चावायची. मलाही चावलीय. ती वाजवेपर्यंत शाळा भरायची नाही, असा आमचा नियमच होता.

मग शाळेचं रीतसर उद्घाटन ठरलं. पाहुण्यांनी घंटा वाजवायची — ही कल्पना कुणाची? माझीच. फोटो छान येईल म्हणून. आणि सुमी पाहुण्यांना चावली तर?

आदल्या दिवशी मी तिच्या आईला, भागूबाईला सांगितलं — कार्यक्रम पुढं ढकललाय, उद्या सुट्टी. किती सहज सांगितलं! तिनं लेकीसाठी नवा फ्रॉक शिवून ठेवलाय, हे मला ठाऊक होतं. तरीही.

कार्यक्रम झकास झाला. पाहुण्यांनी घंटा वाजवली, टाळ्या पडल्या, मी फेटा बांधून घेतला. सुमीची वस्ती ओढ्यापलीकडं. घंटा तिथवर ऐकू जाते, हे मी विसरले होते का? नाही — मी तिकडं मन जाऊच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुमी तोच नवा फ्रॉक घालून आली. खांद्यावर उसवलेला. भागूबाई हळूच म्हणाली, “बाई, काल घंटा वाजली. पोरगी लई वढत व्हती. धरून धरून हात भरून आले बगा.”

मी म्हणाले, “पोरांनी वाजवली असेल.”

“आसंल,” ती म्हणाली.

तिला सगळं कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच तर तिनं लेकीला धरून ठेवलं.

आज शाळेला पक्की इमारत आहे, भागूबाई तिथं पोरांची खिचडी करते, आणि मोठी झालेली सुमी अजून घंटा वाजवते. ऑफिसात उद्घाटनाचा फोटो आहे. परवा एका पाहुणीनं विचारलं, “यात तुमची ती पहिली विद्यार्थिनी कुठली?” मी पदरानं फोटोची काच पुसायला लागले. दारातून भागूबाई म्हणाली, “त्या दिशी ताप व्हता तिला.”

मी मान हलवली. हसलेसुद्धा.

सुमीला ताप नव्हता. ती नवा फ्रॉक घालून दाराकडं ओढ घेत होती, आणि तिच्या आईला तिला धरून बसावं लागलं — माझ्यामुळं.