फुली आणि पिवळा ठिपका

आमच्या तालमीचा अध्यक्ष एकोणीस वर्षांचा. आधीचा अध्यक्ष, म्हणजे त्याचा बाप, अचानक वारला आणि गल्लीनं हळहळून पोराला खुर्चीत बसवलं. सचिव त्याचा सख्खा चुलता, माझा वर्गमित्र. त्याची मिशी एवढी, की एक टोक पन्हाळ्यावर भिजलं तरी दुसरं हातकणंगल्यात कोरडं.

कारभार सोपा होता. चुलता कागद लिहायचा, खाली पेन्सिलीनं फुली मारायचा आणि म्हणायचा, "फुलीवर सही कर, बाळ." बाळ करायचा.

गेल्या वर्षी मात्र बाळानं स्वतःच कागद आणला. तालमीतर्फे मुलींचा फुटबॉल संघ! सोळा पोरी महिनाभर मैदानावर घाम गाळत होत्या. संघनोंदणीच्या अर्जावर सचिवाचीही सही हवी होती, मुदत शनिवारची. सचिव म्हणाला, "बघू की." आमच्याकडं 'बघू की' म्हटलेला कागद परत कुणाच्या बापाला दिसलेला नाही.

त्या दिवसांत बायकोच्या मोबाइलवर कोरियाच्या राजघराण्याची मालिका चालू होती. तिच्या खांद्यावरून बघून बघून मला तिथल्या राजवाड्याचे सगळे चोरदरवाजे पाठ झाले. मग लायब्ररीतनं पुस्तक आणून खरा इतिहासही वाचला. शुक्रवारी संध्याकाळी कट्टा भरल्यावर, चुलता-पुतण्या दोघंही बसलेले बघून, मी सुरुवात केली.

"साडेपाचशे वर्षांखाली कोरियात बारा वर्षांचं पोरगं राजा झालं. आईबाप न्हाईत. मंत्री नावांची यादी आणायचे आन् पाहिजे त्या नावाला आधीच पिवळा ठिपका लावायचे. राजानं तेवढ्यावर कुंचला टेकवायचा."

पोरं फुलीवाल्याकडं बघायला लागली.

"त्याच्या चुलत्याला हे खपलं न्हाय," मी म्हणालो.

"बघा!" सचिव खुलला. "चुलता भला माणूस."

"लई भला. मंत्री कापले आन् गादीवर सोता बसला. पोराला नदीनं वेढलेल्या रानात हद्दपार केलं. तितंच मेलं ते."

सचिवानं हळूच विचारलं, "आन् चुलत्याचं?"

"पोराची मेलेली आई सपनात येऊन थुंकली त्याच्यावर. अंगभर फोड उठले, असं तिकडची माणसं सांगत्यात. खाज म्हणं कोपरापासनं सुरू झाली."

कोपर मी पदरचं घातलं. सचिव दिवाळीपासून कोपर खाजवत होता. त्याचा हात जागीच थांबला.

"माझी वहिनी ठणठणीत हाय," तो गुरकावला.

"मिसरीबी लावती की!" मागनं आवाज आला, आणि कट्टा असा हसला की मलकापुरात एसटी थांबली असेल.

शनिवारी सकाळी अध्यक्षानं अर्ज चुलत्यापुढं ठेवला. त्याची स्वतःची सही झाली होती. सचिवाच्या जागेवर हळदीचा ठिपका होता.

"काका, ठिपक्यावर सही करा."

चुलता बराच वेळ पुतण्याच्या सहीकडं बघत राहिला. "अक्षर बापाचंच हाय लेका तुझं," म्हणाला आणि सही ठोकली. मग माझ्याकडं वळला.

"मर्दा, त्या राजाला खाजंवर औषध घावलं का न्हाय?"

"घावलं म्हणत्यात. डोंगरातल्या ओढ्यावर एका पोरानं त्याची पाठ घासली, तवा बरा झाला."

सचिवानं अर्ज पुतण्याच्या हातात दिला.

"ऐकलंस न्हवं? अर्ज देऊन ये, आन् येताना साबण आण."