सुरुवात पुसू नका

त्या गुरुजींनी कॅसेटवरून माझा आवाज पुसला, त्याला आता चाळीसेक वर्षं होत आली. राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. वडील सरकारी कचेरीत शिपाई. त्यांची उस्मानाबादहून बदली झाली म्हणून आम्ही लातुरात आलो, आणि मला एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली. पाऊस सलग हुलकावणी देत होता. नवा जिल्हा, नव्या पाट्या, नवे साहेब, आणि पाण्याला तेच टँकर.

धाकटा भाऊ नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता. एका सुट्टीत तो बगलेत लाकडी खोकं मारून घरी आला. खोक्याला एक उभी दांडी आणि बाजूला एक आडवी कडी. दांडीजवळ उजवा हात नेला की सूर चढायचा, लांब नेला की उतरायचा. डाव्या हाताने कडीवरून आवाज कमीजास्त करायचा.

"अक्का, ह्याला थेरेमिन म्हणत्यात," तो म्हणाला. "हात लावायचाच न्हाई. हवेतच वाजवायचं."

गंमत वाटली, पण पाचच मिनिटांत अडचण कळली. या वाद्याला ना पट्ट्या ना पडदे. साथीला कुणी नसेल तर सूर भलतीकडे जातो आणि वाजवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. भाऊ साथीदार शोधायला गावातल्या नावाजलेल्या गुरुजींच्या वर्गात गेला. गुरुजींनी आधी आडनाव विचारलं. मग खोक्याकडे बघून हसत म्हणाले, "तुमच्या लोकांसाठी लई बरं हाय की हे. कशाला शिवायचं कामच न्हाई." सगळा वर्ग हसला.

आमच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तो असली वाक्यं पुन्हा ऐकायला लागू नयेत म्हणून. भावाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वडील तबला काढून पुसत बसले. मी हार्मोनियम ओढली आणि म्हणाले, तुझी साथ मी कॅसेटवर भरून देते.

अशा त्या कॅसेटी सुरू झाल्या. घरात टेपरेकॉर्डर एकच, त्यामुळे नक्कल काढायची सोय नव्हती. प्रत्येक कॅसेटसाठी मी आणि वडील सगळं नव्याने वाजवायचो. जुन्या भजनांच्या कॅसेटींच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की त्यांवर भरता यायचं. सुरावट मी वाजवायची नाही, ती थेरेमिनसाठी मोकळी ठेवायची. मी नुसता आधार द्यायचा. आणि सुरुवातीला मी स्वतः 'सा' लावायचा, मग एक, दोन, तीन, चार असं मोजायचं.

ही सुरुवात म्हणजे कॅसेटचा जीव. दुष्काळात विजेचा दाब इतका कमी असायचा की टेप रडतरडत चालायचा आणि सगळे सूर उतरायचे. पण माझा 'सा'ही तेवढाच उतरायचा. त्या दिवशी कॅसेट जितकी उतरली असेल तितकाच उतरलेला 'सा' त्यातून मिळायचा, आणि वाजवणारा हवेत हात ठेवायची जागा शोधायचा. म्हणून प्रत्येक कॅसेटवर मी लिहायचे: फुकट आहे, पुढे द्या, सुरुवात पुसू नका.

भावाच्या दोन मित्रांनी नांदेडला तसली खोकी बनवली, त्यांना कॅसेटी गेल्या. त्यातलं एक खोकं रेणापूरच्या एका मुलीला मिळालं. ती माझी विद्यार्थिनी, बापाची शेती, हात विलक्षण स्थिर. गाणं शिकायला ती त्या गुरुजींकडेही जायची.

जिल्ह्याच्या वर्धापनदिनाला मोठे साहेब येणार होते आणि गुरुजींना काहीतरी नवलाचं दाखवायचं होतं. ज्या वाद्याला हसले तेच त्यांनी त्या मुलीकडून वाजवून घ्यायला कार्यक्रमात घेतलं. आयत्या बिळावर नागोबा. मुलीची कॅसेटही मागून घेतली. मी सभागृहात मागे बसले होते. गुरुजींनी माईकवर सांगितलं, "साथसंगत आमच्याच वर्गाची." माझ्या शेजारी वडील बसले होते. त्यांचा तबला त्या कॅसेटवर होता.

टेप सुरू झाला. शांतता. मग एकदम हार्मोनियम. तेव्हा मला उलगडलं: साथ त्यांच्या वर्गाची नाही हे माझ्या आवाजावरून कळू नये म्हणून या माणसाने माझा 'सा' आणि चारही आकडे पुसून टाकले होते. मुलीचा हात हवेत चाचपडत राहिला, सूर किंचाळला, लोक हसले. टेप मागे घेऊन पुन्हा लावला. पुन्हा तेच. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लोकांसमोर ती आता हरली असती तर पुन्हा त्या खोक्यासमोर उभी राहिली नसती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी उठून चालत पुढे गेले. "पुन्हा लावा," म्हणाले. दोन वेळा ऐकून त्या दिवशीचा उतरलेला सूर माझ्या कानात बसला होता. बटणाचा खट्ट आवाज झाल्यावर किती थांबायचं, हे इतक्या कॅसेटी भरून पाठ झालं होतं. मी मंचासमोर खाली उभी राहूनच 'सा' लावला. मुलीने हात उचलला, सूर जुळत आला.

तेवढ्यात गुरुजी मला गप्प करायला लगबगीने पुढे आले आणि खोक्याला खेटून उभे राहिले. या वाद्याजवळ कुणीही आलं की सूर सरकतो. हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"गुरुजी, लांब व्हा," मी म्हणाले. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "तुम्ही जवळ आलात की सूर बिघडायलाय. तिकडं, लांब उभं ऱ्हावा."

माझ्या आजोबांनी जन्मभर ऐकलेलं वाक्य मी त्या माणसाला ऐकवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. साहेब बघत होते. गुरुजी मागे सरकले. मी एक, दोन, तीन, चार मोजलं, आणि मुलीने पहिला सूर नेमका लावला. तिचं वाजवणं संपेपर्यंत गुरुजी मागच्या पडद्यापाशीच उभे राहिले.