आतला बंदोबस्त

आमचे हे कारखान्यात पत्रा ठोकायच्या मशीनवर. अडेलतट्टू माणूस! कानाच्या डॉक्टरीणबाई यांना म्हणाल्या, "मोठ्या आवाजानंतर ॲडेनोसिन नावाचं द्रव्य आतल्या कानातल्या पेशींना सावरतं. कॉफी त्याच्या आड येते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. कॉफी कमी करा, पण कानातले बोळे काढू नका."

यांनी सोयीचं तेवढंच ऐकलं. कॉफी सोडली आणि बोळे फेकून दिले. "आता आतूनच बंदोबस्त आहे!"

मी घसा फोडून सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. बघता बघता कान गेले.

काल यांच्या पाठीमागे उभी राहून लग्नापासून साठलेलं सगळं ओकून टाकलं, सासूबाईंचाही उद्धार केला. हे वळून म्हणाले, "आज बरी गप्प आहेस!"