हळदीची खबर

द्वारकाबाईंच्या अंगणवाडीतून वर्षाला चार खबरी निघायच्या, आणि त्यांची नावं महिन्यांवरून नाही, पिकांवरून पडली होती. सोयाबीनची खबर, कापसाची खबर, हळदीची खबर आणि पेरणीची खबर. हिंगोलीकडच्या जवळा बाजारहून तीन किलोमीटरवरच्या त्या गावात एखाद्या आईला तारीख विचारली तर ती कॅलेंडर बघायला आत जायची, पण रानात आज काय चाललंय ते झोपेतसुद्धा सांगायची. हे बाईंनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. त्याला आता तेहतीस वर्षं झाली.

खबर लिहायची ती बाहेरच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर, रंगीत खडूनं. वरच्या भागात कामाचं असायचं. काढणी सुरू आहे, अंगणवाडी सकाळी आठला उघडेल. लसीची बाई मंगळवारी येणार आहे. हळदीच्या हातानं लेकराचे डोळे पुसू नका. खालचा भाग लेकरांचा. प्रत्येकाची एक ओळ, आणि त्या ओळीत लेकराला नवं काय येऊ लागलं तेवढंच. काय येत नाही ते लिहायचं नाही. वैदेही चप्पल उलटी घालत नाही. नरसिंग आता मारायच्या आधी विचारतो. असल्या ओळी. एकही लेकरू सुटायचं नाही. फळा भरला की रानातून परतणाऱ्या बाया उभ्या राहायच्या आणि बाई मोठ्यानं वाचून दाखवायच्या, कारण तेव्हा वाचता येणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. एकीच्या लेकराची ओळ आली की बाकीच्या तिच्याकडे वळून बघायच्या. ती पदर तोंडाला लावून हसायची. त्या संध्याकाळी आठवल्या की बाईंना आजही भरून यायचं. आता सगळ्या आयांकडे फोन होते, ग्रुप होता, आणि मदतनीस प्रतिक्षा लेकरू शिंकलं तरी फोटो टाकायची. फळ्यासमोर थांबायला कुणाला सवड नव्हती. तरी बाई लिहायच्या. पुढच्या महिन्यात त्यांना पासष्ट पूर्ण होत होती, म्हणजे ही हळदीची खबर त्यांच्या हातची शेवटचीच.

या फळ्यावर कधीही न लिहायची एकच गोष्ट होती, ती म्हणजे पहिलं पाऊल.

ती शिकवण बाईंना रुख्मिणीबाईनं दिली, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. कापसाची खबर होती. रुख्मिणीबाईचा विश्वंभर त्या दुपारी अंगणवाडीत सात पावलं चालला. बाई तेव्हा नव्या उमेदीच्या. फळ्यावर सगळ्यांत वर गुलाबी खडूनं लिहिलं आणि संध्याकाळी कौतुकानं वाचलं, विश्वंभर आज चालला, सात पावलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. रुख्मिणीबाई डोक्यावरचं कापसाचं ओझं उतरवून फळ्याशी आली. तिला अक्षर येत नव्हतं. कोणती ओळ, म्हणून तिनं विचारलं. बाईंनी बोट ठेवलं. तिनं पदराचं टोक धरलं आणि ती ओळ पुसून टाकली, सावकाश, एकही अक्षर न ठेवता.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या लेकराचं पहिलं पाऊल तुमी मला वाचून दाखवलं."

पुढची तीन वर्षं ती लेकरू सोडायला यायची, न्यायला यायची, बाईंशी मात्र एक शब्द बोलली नाही. नंतर बोलणं सुरू झालं, सणावाराला पुरणपोळीही आली, पण त्या ओळीचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही. बाईंनी मात्र त्या दिवसापासून नियमच केला. पहिलं पाऊल अंगणवाडीत पडलं तरी तोंडाला कुलूप. आई घरी बघेल, दुसऱ्या दिवशी धावत सांगायला येईल, आणि आपण कपाळाला हात लावून म्हणायचं, काय सांगतीस. किती लेकरांच्या बाबतीत बाईंनी हे नाटक केलं याचा हिशेब नाही. नाटकमंडळीत असत्या तर नाव काढलं असतं.

आणि आता, नोकरीचा एक महिना उरला असताना, देवानं तेच घर पुन्हा समोर आणून उभं केलं.

विश्वंभरचं लेकरू, रुद्र, दोन वर्षांना एक महिना कमी. हसरं, गुबगुबीत आणि अजून रांगणारं. नियमानं तीन वर्षांखालचं लेकरू दिवसभर ठेवायचं नसतं; पण हळदीच्या काढणीत आयांनी काय लेकरं झाडाला बांधावीत? बाईंनी कोपऱ्यात एक झोळी टांगली होती. विश्वंभर हळद शिजवायचा कुकर घेऊन हंगामभर गावोगाव असायचा, रुख्मिणीबाईचे गुडघे गेलेले, म्हणून सूनबाई प्रियंका सकाळी लेकरू आणून सोडायची आणि हळद वेचायला जायची. रुद्रच्या वयाची सगळी पोरं पळत होती. गावातल्या बाया तोंडावर काही बोलत नव्हत्या, पण न बोलणंही ऐकू येतंच. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले थांबा. प्रियंका थांबून थांबून थकली आणि तिनं नांदेडच्या मोठ्या डॉक्टरचा नंबर लावला. उद्या दहाच्या गाडीनं ती निघणार होती.

गेल्या वर्षीच्या पेरणीच्या खबरीत बाईंनी रुद्रसाठी लिहिलं होतं, खळखळून हसतो. सोयाबीनला लिहिलं, सगळ्यांना बघून हसतो. कापसाला लिहिलं, झोपेतही हसतो. तेव्हा प्रियंका ओळ वाचून खाली बघत म्हणाली होती, "हसायचं किती दिवस लिहिताल, बाई?" ते वाक्य बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं.

आज दुपारी जेवणं उरकली. बाई फळ्यासाठी खडू निवडत बसल्या होत्या. नरसिंगनं संधी साधून गुलाबी खडूचा डबा फरशीवर पालथा केला आणि वर नाचून घेतला, सगळीकडे भुकटी झाली. बाई त्याला रागावायला उठल्या आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. रुद्र भिंत सोडून उभा होता. त्याला भुकटीत पडलेला अख्खा खडू हवा होता. तो एक पाऊल आला. डुलला. दुसरं टाकलं. मग त्या गुलाबी भुकटीतून पाच-सहा पावलं टाकत गेला, खडू उचलला आणि मटकन खाली बसून तो खडू खाऊ लागला.

बाईंनी आधी त्याच्या तोंडातला खडू काढला, मग त्याला छातीशी धरलं आणि रडल्या. प्रतिक्षाच्या हातात फोन होताच. तिनं सगळं टिपलं होतं. ग्रुपवर टाकायला तिचा अंगठा पुढे झाला तसं बाईंनी तिचं मनगट धरलं.

"न्हाई टाकायचं."

प्रतिक्षानं समजावून पाहिलं. ती चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली, मनानं चांगली पोरगी. तुमचा नियम झाला ते दिवस वेगळे होते म्हणाली, तेव्हा फोन नव्हते. प्रियंकावहिनी रानात हळद वेचता वेचता रडत असतील, हा व्हिडिओ बघून त्यांचा जीव भांड्यात पडेल. उद्या नांदेडची चक्कर वाचेल. आणि घरी लेकरू आठ दिवस चाललंच नाही तर? तेवढे दिवस आईला जाळत ठेवायचं?

खरं सांगायचं तर प्रतिक्षाचं म्हणणं बरोबर होतं, आणि बाईंना त्याचाच राग आला. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो पदर होता, फळ्यावरून सावकाश फिरणारा. शेवटी त्यांनी मुदत घातली.

"सकाळी गाडीच्या टायमापर्यंत थांबू. तवर न्हाई चालला तर मी सोता जाऊन सांगते. तिला एक रात दे, पोरी. एवढी एकच."

प्रतिक्षानं फोन बाजूला ठेवला. आता उरली बाकीची सतरा लेकरं, आणि त्या वयात पोटात बातमी ठरत नाही. बाईंनी सगळ्यांना गोल बसवून मूठ मूठ फुटाणे दिले आणि सांगितलं, की रुद्रला आपली गंमत आईला स्वतः दाखवायची आहे, कुणी आधी फोडायची नाही. सगळ्यांनी देवाची शपथ घेतली. नरसिंगनं दोनदा घेतली.

संध्याकाळी बाईंनी फळा लिहायला घेतला. सतरा ओळी भराभर झाल्या. रुद्रच्या ओळीशी हात अडला. सगळ्या फळ्यावर लिहिण्यासारखी खबर तीच होती आणि तीच लिहायची नव्हती. बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं, रुद्र दाराकडे बघत आईची वाट बघतो. तेही खरंच होतं.

प्रियंका आली तेव्हा कोपरापर्यंत पिवळी झाली होती. तिनं उभ्या उभ्या फळा वाचला. आपली ओळ वाचून मान हलवली. बाई एरवी रुद्रला उचलून तिच्या हातात द्यायच्या. आज त्यांनी त्याला उंबऱ्याशी उभं केलं, भिंतीला टेकवून, आणि देवाचं नाव घेतलं. रुद्रनं आईला बघितलं, हसला, खाली बसला आणि रांगत आला.

तेवढ्यात नरसिंग प्रियंकाचा पदर ओढून म्हणाला, "मावशी, आमी तुला काई सांगणार न्हाई."

"काय सांगणार न्हाई?"

"रुद्रचं."

रुद्रनं आज खडू खाल्ला, ते सांगायचं नाही म्हणतोय, असं बाई घाईघाईनं बोलल्या. प्रियंका थकलेलं हसली, लेकराला कडेवर घेतलं आणि निघाली. कडेवरून खाली लोंबणाऱ्या त्या दोन पायांकडे बाई वळणापर्यंत बघत राहिल्या. प्रतिक्षा पाठ फिरवून झाडू मारत होती.

सकाळी बाई सातलाच अंगणवाडीत येऊन बसल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. उगाच नियमाला चिकटलो, असं त्यांना वाटत होतं. एका घराला एकदा दुखावलं, आता दुसऱ्यांदा. आणि या वेळी चांगुलपणाच्या नावाखाली. आठ वाजले. लेकरं येऊ लागली. प्रियंकाचा पत्ता नव्हता. साडेआठला बाईंनी चप्पल पायात घातली आणि सांगायला जायला निघाल्या.

फाटकातून त्यांना वळणावर प्रियंका दिसली. घर ते अंगणवाडी दोन मिनिटांची वाट. पण ती येतच नव्हती. वाकून चालत होती, एक हात खाली सोडून. दोन पावलं टाकून थांबायची, पुन्हा दोन पावलं. त्या हाताच्या टोकाला, तिचं एक बोट धरून, रुद्र येत होता. मध्येच त्याला एक शेळी दिसली, तिथं दोघं थांबली. मग एक दगड दिसला, तिथंही थांबली. प्रियंकाला कसलीच घाई नव्हती. बाई फाटकाला धरून उभ्या राहिल्या.

फाटकाशी आल्यावर प्रियंकानं दुसऱ्या हातानं बाईंचा हात धरला. रात्री जेवणाच्या वेळी, ती म्हणाली. ताट घेऊन बसले होते, भिंत सोडून माझ्याकडे आला, बाई. माझ्याकडे आला.

"काय सांगतीस!" बाईंनी कपाळाला हात लावला. आयुष्यातलं ते त्यांचं सगळ्यांत वाईट नाटक होतं, कारण डोळ्यांतून पाणी आधीच वाहत होतं. पण प्रियंकाला कुठं बघायला सवड होती. बाईंनी ओल्या फडक्यानं रुद्रची ओळ पुसली आणि खडू तिच्या हातात दिला. प्रियंकानं लिहिलं, रुद्र काल रात्री चालला. मग जरा थांबून पुढे लिहिलं, आईकडे.

तोवर काठी टेकत रुख्मिणीबाई मागून येऊन पोचली होती. सून नि नातू आत गेले, नरसिंग मोठ्यानं म्हणू लागला की त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि प्रतिक्षानं त्याला घाईनं फुटाण्याच्या डब्याकडे नेलं. फळ्यापाशी दोघी म्हाताऱ्या उरल्या. रुख्मिणीबाई त्या अक्षरांकडे बघत होती. तिला अजूनही वाचता येत नव्हतं, पण ओळ कोणती हे विचारावं लागलं नाही.

"रोज सांजच्याला लेकराचे पाय मीच धुते," ती म्हणाली. "तुमच्याकडून येतं तवा गुडघ्याला खडू ऱ्हायतो. रांगतंय ना. काल गुडघ्याला नुसती धूळ व्हती, बाई. खडू तळपायाला व्हता. गुलाबी."

व्हय, एवढंच बाई म्हणाल्या.

"प्रियंका चुलीपाशी व्हती. पाणी आणायलाबी उठले न्हाई मी," रुख्मिणीबाई म्हणाली आणि आपल्या पदराचं टोक पुढे धरलं. त्यावर गुलाबी डाग होता. "तिला दिसायच्या आधी पुसून टाकलं."