पट्ट्याचं शेवटचं भोक

दिघीच्या धक्क्यावर तरीतून उतरत होतो. तरीवाल्या धर्माने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, तुमचं दोस्त गेलं. सकालीच." कोणता दोस्त, हे विचारावं लागलं नाही. दिवेआगरच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणारा वसंता बरेच महिने अंथरुणाला खिळून होता. तरीही पिशवी धर्माच्या हातातच विसरून मी रस्त्याला लागलो...

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघं शाळेत लागलो. पहिल्या पगारातून वसंताने जुनी सायकल घेतली आणि मुंबईहून शर्यतवाले वापरतात तसे पायडलला पाय जखडायचे चामडी पट्टे आणले. मास्तरांनी स्वतःला दावणीला बांधून घेतलंय, असं गाव म्हणायचं. त्याचं म्हणणं, एक पाय खाली दाबतो तेव्हा बांधलेला दुसरा वर ओढतो, म्हणजे चढावर निम्मं बळ फुकट मिळतं. मी म्हणायचो, बांधलेला पाय काही ओढत नाही, नुसता पाहुण्यासारखा फिरून येतो. बोर्लीचा चढ तो आधी पट्टे सोडून चढला, मग बांधून. बांधून लवकर चढलो, म्हणाला. मधे चहा प्यायलास म्हणून, असं मी म्हटलं. एकदा भर बोर्लीच्या बाजारात पट्ट्यातून पाय निघेना आणि हा पोफळ आडवी व्हावी तसा सायकलीसकट पडला. लोक धावले, तर खालून मला म्हणतो, "पाय सुटला नाही, बघितलंस ना?" असा हट्टी माणूस. हा वाद आम्ही पंधराएक वर्षं घातला आणि दोघांनाही तो संपायला नको होता.

मग अर्धांगवायूने त्याची डावी बाजू गेली. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की आता जे आहे ते असंच राहणार. वसंताला ते पटेना. एका सकाळी त्याने मला बोलावून घेतलं आणि अडखळत सांगितलं, सायकल ओटीवर घे, मला वर बसव, डावा पाय बांध. उजवा त्याला शिकवील. नाही कसं म्हणणार? सायकल स्टँडवर चढवली. पाय इतका वाळला होता की पट्टा कुठल्याच भोकावर बसेना. वहिनींनी चुलीत खिळा तापवून आणला, मी एक नवं भोक पाडलं. मग दोन्हीकडून आम्ही त्याला धरलं आणि तो उजव्या पायाने पायडल मारू लागला. डावा पाय वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला...

"येतोय ना रे?"

"येतोय," मी म्हटलं. वहिनींनी तोंड फिरवलं.

त्याने उजवा पाय थांबवला. डावाही थांबला. किती तरी वेळ तो त्या पायाकडे बघत राहिला. कपाळावरची शीर फुगली, पण पाय तसूभर हलला नाही.

"तुझंच खरं होतं," तो म्हणाला. "सोड आता."

हरण्यासाठी मी काहीही दिलं असतं. पण देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी खाली वाकून पट्टा सोडत बसलो, एवढंच.

तेराव्यानंतर वहिनींनी सायकल माझ्याकडे दिली. रोज तिच्यावरूनच शाळेत जातो. उजवा पट्टा मी माझ्या मापाचा करून घेतला आहे, आणि चढावर तो पाय वर ओढूनही बघतो. फायदा होतो की नाही, कोणाला सांगू? डावा पट्टा मात्र त्या खिळ्याच्या भोकावरच अडकवून ठेवला आहे. माझा पाय त्यात जात नाही, आणि तो सैल करायला हात होत नाही.