तळ्याकाठचं टास्मानिया

इथे परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्स नावाच्या उपनगरात मी मुलीकडे राहते. सकाळी तळ्याकाठी फिरायला गेले की तो दिसतोच. पुण्याचा आहे, चाळिशीचा असेल. कॅमेरा घेऊन गवतात पालथा पडलेला असतो. तसं पडलं की पलीकडची घरं लव्हाळ्यामागे जातात आणि नुसतं पाणी नि आभाळ उरतं.

"काकू, हे बघा टास्मानिया, दक्षिणेकडचं थंड बेट," तो म्हणतो. "ना तिकीट, ना विमान." स्वतःच हसतो. शर्टाला चिकटलेलं गवत झाडायचं त्याला सुचत नाही.

पूर्वी सुट्टी मिळाली की तो खरंच लांब जायचा आणि तिथले फोटो पुण्याला आईला पाठवायचा. आता नोकरी गेली आहे. आईला त्याने सांगितलेलं नाही. फोटो थांबले तर तिला संशय येईल, म्हणून हेच तळं रोज नव्या बाजूने टिपतो आणि लांबची जागा म्हणून तिला पाठवतो.

काल तो फोनवर होता. "आई, टास्मानियातच आहे अजून. थांब, सोबत एक काकू आहेत," म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला. मला परक्यांशी बोलायची भीती वाटते.

"तिकडे थंडी फार असेल ना हो?" त्यांनी विचारलं.

मी पदराने मानेवरचा घाम पुसत होते. "आहे," म्हटलं, "पण स्वेटर घातलाय त्याने."

"तुम्ही आहात म्हणून बरं. एकटाच भटकतो मेला."

मी फोन परत दिला. त्याने तो कानाला लावला. पलीकडून त्या हॅलो, हॅलो करत राहिल्या.